साही कडांनी बघून घेणारे नाना

नाना कोणाच्याही घरात शिरले की आधी माणसं हलवायचे.

"तुम्ही जरा हिकडं सरका. ताई, तू त्या कोपऱ्यात. मास्तर, तुम्ही खिडकीजवळ बसा, तुम्हाला खोकला हाय." मग सगळे उठायचे, एकमेकांना ओलांडायचे, कोणाचा तरी चहा सांडायचा. सगळे नव्या जागी बसले की नाना दारात उभे राहून एकदा सगळ्यांवरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "आता बराबर." वैताग यायचा, पण खोटं कशाला बोलू, खरंच बरं वाटायचं. मयताच्या घरातसुद्धा त्यांनी हे केलेलं मी पाहिलं आहे. रडत बसलेल्या दोन जावांची त्यांनी अदलाबदल केली, आणि दोघींचं रडणं जरा सुधारलं.

नाना आमच्या टेंभुर्णीचे. आमच्या घरापासून दोन दारं सोडून राहायचे. सख्खे कोणाचेच नव्हते, पण सगळ्या गावाचे होते. उभा जन्म एसटीत कंडक्टर. जाफराबाद, जालना, अंबड, परतूर, सगळा जिल्हा त्यांनी उभ्याउभ्या पाहिलेला. कोणत्या गावचा माणूस कोणत्या गावच्या माणसाशेजारी बसला की अंबड येईपर्यंत भांडण होतं, हे त्यांना पाठ होतं. त्यामुळे रिटायर झाल्यावर ते सोयरिकी जुळवायला लागले, याचं कोणालाच नवल वाटलं नाही. त्यांच्या मते काम तेच होतं.

"कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचं, एवढंच तं हाय," ते म्हणायचे. "गाडीत जालन्यापुरतं, हिथं जल्मापुरतं. तिकीट नसतं एवढाच फरक."

स्वतः नाना बिनलग्नाचे होते. मी एकदा न राहवून विचारलं होतं. ते म्हणाले, "कंडक्टरला सीट असती ना बाई. पण गर्दी झाली की कोणीतरी म्हातारं-कोतारं येतंच. मंग द्यावी लागती." आणि लगेच मला म्हणाले, "तू त्या खुर्चीत कशाला बसली? हिकडं बस."

त्यांना वस्तूही फिरवून बघायची खोड होती. चहाचा कप आला की त्याचा कान आधी इकडे, मग तिकडे, मग पुन्हा इकडे. जेवायला बसले की ताट गोल फिरवत राहायचे. भाजी कोणत्या बाजूला आली म्हणजे भाकरी तिला बरी दिसते, हे ठरल्याशिवाय घास तोडायचे नाहीत. माझी आई वैतागून म्हणायची, "नाना, त्या भाकरीचं लग्न लावून राह्यले का?" तर म्हणायचे, "वहिनी, खायाचीच हाय. पण नीट बसवून खावं."

सोयरिकीत त्यांचा एक सिद्धांत होता. प्रत्येक घराला सहा कडा असतात. शेत, पाणी, भावकी, मामाकूळ, चुलीची चव आणि बोलणं. दोन घरं जोडायची तर कोणती कड कोणत्या कडेला लावायची हे बघावं लागतं. साही कडा जुळणारी जोडी त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली, असं ते सांगायचे. "पण काय करता, दोघांचीबी लग्नं झाल्ती. दुसऱ्यादुसऱ्यांशी. भोकरदनच्या गाडीत पुढं-मागं बसले होते, एकमेकाला दिसलेसुद्धा न्हाई." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं.

आणि फार घाई करणाऱ्या बापाला ते जांबच्या समर्थांची आठवण करून द्यायचे. "जल्दी करू नका पाव्हणं. 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळाले ते आपल्याच जिल्ह्यातले. बाकीच्या जिल्ह्यांचं मला माहीत न्हाई, आपल्या मातीत हे हाय."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय नाना कळणार नाहीत.

मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत नोकरी करते. ओल्या कागदात बी मांडायचं, गुंडाळी करून ठेवायची, आणि किती उगवलं, किती नाही ते बघायचं. काम शांत आहे आणि मला आवडतं. सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळच्या गाडीनं येते. शिक्षण झालं, स्पर्धा परीक्षा देऊन झाल्या, नोकरी लागली, आणि त्यानंतर घरात एकच विषय उरला. वडील स्वभावानं वाईट नाहीत, पण ते एकदा शब्द देऊन बसले की संपलं. त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, "माझ्या लेकीचं नाना म्हणतील तिथं. नाना हो म्हणले की मी मागं बघणार न्हाई."

मला लग्नच नको होतं, असं नाही. मला कोणीतरी उचलून, फिरवून कुठंतरी नेऊन ठेवावं, हे नको होतं. पुण्याचं स्थळ आलं की माझी नोकरी गेली, संभाजीनगरचं आलं तरी गेली. माझा जीव त्या ओल्या कागदांत अडकला होता, आणि हे कोणाला सांगायला गेलं की हसायचे. माझं सगळं नानांच्या एका 'हो'वर टांगलेलं होतं. आणि नाना दर रविवारी सकाळी नवं स्थळ घेऊन आमच्या ओसरीवर हजर.

म्हणून मी त्यांना खेळ लावून दिला.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला घेतलेला एक टॅब घरात पडून होता. त्यात मी एक खेळ उतरवून घेतला होता. साधा खेळ. पडद्यावर एक षटकोनी तुकडा येतो. त्याच्या प्रत्येक कडेला काहीतरी असतं, शेत, झाडी, घरं, नदी, रेल्वेचा रूळ. आधी मांडलेल्या तुकड्यांच्या शेजारी तो फिरवून बसवायचा. शेताला शेत लागलं, झाडीला झाडी लागली की बारीक 'टिंग' वाजतं. मग पुढचा तुकडा. असं करत करत गावं होतात, रानं पसरतात, नद्या लांबतात. मागं हळू संगीत चालू असतं. बस.

एका रविवारी नानांनी स्थळ काढायला तोंड उघडलं आणि मी टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आधी तो टॅबच फिरवून बघितला. मग विचारलं, "ह्यात दुश्मन कुठं हाय?"

"कोणीच नाही."

"मंग टाइम किती असतो?"

"कितीही. वर्षभर बसलात तरी चालेल."

"मंग हारतं कोण?"

"कोणीच नाही नाना."

नानांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. "दुश्मन न्हाई, टाइम न्हाई, हारणं न्हाई. असा धंदा कोणी काढला? बुडंल तो." मग त्यांना तुकड्याच्या कडा दिसल्या. त्यांनी बोटानं एकेक कड मोजली. चष्मा काढला, धोतराला पुसला, परत मोजल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सहा हायेत."

"हो."

"अन् साही कडांनी जुळवायचं?"

"जमलं तर. नाही जमलं तरी चालतं."

त्या दिवशी नाना आमच्या ओसरीवर जेवले, तिथंच दुपारी चहा प्याले, आणि त्यांनी एकाही कपाचा कान फिरवला नाही. स्थळाचं नावसुद्धा काढलं नाही. संध्याकाळी टॅब घेऊनच घरी गेले. मी मनातल्या मनात उड्या मारल्या.

त्यांनी त्या खेळाचे कायदे केले. नव्या तुकड्याला ते 'पाहुणा' म्हणायचे. "बघू आता पाहुणा कोण येऊन राह्यला." पाहुणा आला की त्याला लगेच बसवायचा नाही. साही बाजूंनी फिरवून बघायचा. "आल्या आल्या बसवलं तं त्याला वाटतं आपल्याला विचारलंच न्हाई." गाव झालं की त्याला नदी मिळालीच पाहिजे, मग त्यासाठी दहा पाहुणे ताटकळले तरी हरकत नाही. आमच्या टेंभुर्णीला उन्हाळ्यात टँकर येतो, पण नानांच्या टॅबमध्ये एकही गाव कोरडं नव्हतं. रूळ आला की ते लहान पोरासारखे खूश व्हायचे. "आपल्याकडं तं कवा येईल ती येवो, हिथं तरी धावू दे." पुढं त्यांनी त्या गावांना नावंही दिली आणि गावांची भांडणंही मिटवली. खेळात भांडणं नव्हती. ती नानांनी आपल्या पदरची आणली होती.

मी त्यांना एकदा विचारलं, "नाना, एवढं काय सापडलं ह्यात?"

हातातला पाहुणा त्यांनी आधी नीट बसवला, टिंग ऐकलं. "आयुष्यभर माणसं बसवली," ते म्हणाले. "बसवलं की माणूस कुरकुर करतोच. खिडकी पाहिजे, ऊन लागून राह्यलं, शेजारचा घोरून राह्यला. लग्न लावलं की दोन वर्षांनी येतात, नाना, कसं घर दाखवलं. ह्याला बसवलं की हे टिंग म्हणतं. बस. परत तक्रार न्हाई."

मला ते पटलं. मीसुद्धा गाडीत माझ्या मोबाइलवर तोच खेळ खेळत होते, आणि कारण तेच होतं. एक लहानसा तुकडा कुठंतरी नीट लागला की तेवढ्यापुरतं सगळंच नीट लागल्यासारखं वाटतं. जालन्याच्या गाडीत उभं राहून हे वाटणं काही लहान गोष्ट नाही.

पण जिल्ह्यात हाहाकार उडाला. लग्नसराई तोंडावर, आणि नाना हलायला तयार नाहीत. मुलींचे बाप, मुलांचे मामा त्यांच्या ओसरीवर येऊन बसायचे. नाना टॅबमधून मान वर करत नसत. मग माणसं काय करणार? ती टॅबमध्ये डोकवायची. जरा वेळानं एखाद्या टोपीवाल्याचा धीर सुटायचा. "नाना, ती झाडी तिथं न्हाई, जरा खालती लावा." दुसरा म्हणायचा, "ओ, खालती लावली तं घर एकटं पडंल की." कोणी कशासाठी आलं होतं ते विसरून जायचं. एकदा मी पाहिलं, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत सात-आठ जाणते शेतकरी दुसऱ्याच्या मांडीवरच्या शेतात डोकं घालून बसले होते.

अशातच नानांना त्यांची परीक्षा सापडली. एक ठरत आलेलं लग्न होतं. दोघं बाप समोर बसलेले, गोडगोड बोलून राह्यले. नानांना उठायचं होतं, म्हणून त्यांनी टॅब त्या दोघांच्या मधे ठेवला. "एक पाहुणा तुम्ही बसवा, एक हे बसवतील. आलोच." परत आले तर मुलाचा बाप टॅब छातीशी धरून बसलेला, आणि मुलीचा बाप त्याचा दंड धरून ओरडत होता, "माझा नंबर हाय!" नानांनी शांतपणे टॅब काढून घेतला आणि म्हणाले, "ही सोयरीक व्हायची न्हाई. खेळातल्या झाडीवरून भांडले, पोरीच्या ताटावरून काय करतील?"

झालं. पुढं दोन्ही बापांनी एकत्र खेळल्याशिवाय नाना शब्दच काढेनात. लोक आधी हसले, मग घाबरले, आणि मग सरावाला लागले. टेंभुर्णीच्या चौकात चहाच्या टपरीवर मुलींचे बाप मोबाइल पुढं धरून एकमेकांना शिकवू लागले. "पाव्हण्याला हसून बसवायचं. त्यानं चुकीचं लावलं तरी 'वा, वा' म्हणायचं." कोणी म्हणे परीक्षेच्या दिवशी उपास धरायचा. एक जण तर दोन्ही हातांनी खेळायला शिकला, त्याला दोन मुली होत्या.

मी निश्चिंत होते. माझे वडील मोबाइलवर फोन घेताना सुद्धा चुकून कट करतात. ते या परीक्षेत कुठले पास होणार!

मग अंबडकडचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात कंपनीत, घर चांगलं, माणसं बोलकी. वडिलांना ते घर फार आवडलं. इतकं आवडलं की ते रोज सायंकाळी बैलांना पाणी पाजायला म्हणून गोठ्यात जायचे आणि तास तास परत यायचे नाहीत. एकदा मी बघायला गेले तर हा माणूस कडब्याच्या पेंढीवर बसून, आईचा मोबाइल डोळ्यांजवळ धरून, जीभ बाहेर काढून नदी जुळवत होता. मला बघून त्यांनी मोबाइल कडब्यात खुपसला. मला आधी हसू आलं, मग लक्षात आलं. माझी नोकरी घालवायला माझा बाप माझ्याच खेळात पारंगत होत होता.

पाहुणे आले. नानांनी सगळ्यांच्या जागा दोनदा बदलल्या. मग दोघं बाप शेजारीशेजारी बसले आणि टॅब मधे आला.

ते जे खेळले ते मी कधी विसरणार नाही. माझ्या वडिलांनी शेत लावलं की अंबडचे गृहस्थ त्याला लागून शेतच लावायचे. ते म्हणायचे, "पाटील, तुमच्या गावाला जरा पाणी देऊ का?" वडील म्हणायचे, "द्या की, पण तुमच्या झाडीला धक्का नको." टिंग, टिंग, टिंग चाललं होतं. पुढं दोघांनी बोलणंही सोडलं. एकानं पाहुणा उचलावा आणि दुसऱ्यानं नुसती मान हलवावी. चहा गार झाला, पोहे गार झाले, माझी साडी चुरगळली. मुलाची आई हळूच माझ्या आईला म्हणाली, "आमच्या ह्यांना इतकं खूश मी आमच्या लग्नातबी बघितलं न्हाई." वडिलांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मीही कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता हे दोघं एकमेकांना सोडणार नाहीत, आणि त्यासाठी मला पुण्याला जावं लागणार.

नाना म्हणाले, "आता पोरं."

मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. चांगला होता, उगीच नावं ठेवणार नाही. त्यानं विचारलं, "ह्याचं टार्गेट काय असतं?"

"काही न्हाई," नाना म्हणाले.

"मग थांबायचं कधी?"

"जेवण आलं की."

आम्ही खेळलो. तो त्याच्या बाजूला भराभर मांडत गेला, मी माझ्या बाजूला. भांडलो नाही, टॅब ओढला नाही, एकमेकांना 'तुमचं होऊ द्या' म्हणालो. मला ते खेळणं इतकं सोपं गेलं की मी घाबरले. नाना बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी टॅब आमच्या दोघांच्या बापांसमोर धरला.

"बघा. भांडण न्हाई. पण हे एक गाव हिकडं, हे एक गाव तिकडं. मधी रस्ता न्हाई, नदी न्हाई, एक शेतसुद्धा न्हाई. सोयरीक व्हायची न्हाई."

वडील ताडकन उठले. आयुष्यात पहिल्यांदा ते नानांवर ओरडले. "नाना, आम्ही दोघं इतकं बराबर खेळलो ते काय बिनकामाचं? आमचं जुळलं की न्हाई?"

"तुमचं जुळलंच. मंग तुम्ही दोघं करा लग्न."

कोणी हसलं नाही. वडिलांचा आवाज चिरकला. "मंग हिचं करू काय? घरात ठिवू? लोक काय म्हणतील?"

नानांनी टॅब परत आपल्याकडं घेतला. मग त्यांनी त्यांचा स्वतःचा डाव उघडला, महिनोन्‌महिने चाललेला तो मोठा डाव. गावं, रानं, रूळ, पडद्यावर मावत नव्हता. आणि बरोबर मधोमध एक जागा रिकामी होती. साही बाजूंनी सगळं भरलेलं, ही एकच जागा मोकळी, आणि तिच्या कडांना नद्या येऊन थांबलेल्या.

"शेताच्या कडंला घर चालतं," नाना म्हणाले. "घराच्या कडंला झाड चालतं. सगळे धकवून घेतात. नदीला बिलकुल न्हाई. नदीला नदीच लागती, न्हाई तं हा खेळ तिला बसूच देत न्हाई. तुमची पोरगी तसली हाय. बसंल तवा बसंल. आता मला सांगा, ही जागा रिकामी हाय म्हणून ह्यातलं कोणतं गाव अडून राह्यलं?"

वडिलांनी खरंच वाकून बघितलं. अंबडच्या पाहुण्यांनीही बघितलं. एकही गाव अडलेलं नव्हतं.

मी आत जाऊन चुलीजवळ बसले आणि रडले. इतके लोक माझ्याबद्दल इतकं बोलले होते, पण मला, मी जशी आहे तशी, कोणीतरी पहिल्यांदाच बघितलं होतं.

सोयरीक मोडली, पण तिचं पुढं जे झालं ते आमच्या भागात अजून सांगतात. पुढच्याच रविवारी अंबडचे गृहस्थ एकटेच आमच्या दारात उभे. हातात पिशवी, पिशवीत मोसंबी. वडिलांना म्हणाले, "म्हणलं, एक डाव टाकावा." त्यानंतर ते दर रविवारी यायला लागले, नाहीतर वडील जायला लागले. कापूस, सोयाबीन, पाऊस, सगळं त्या टिंगटिंगवर बोलून व्हायचं. वडील त्यांना व्याही म्हणू लागले. बाजारात ओळख करून द्यायचे, "हे आमचे व्याही." समोरचा विचारायचा, "कोणती पोरगी दिली?" वडील म्हणायचे, "दिली न्हाई. असेच व्याही." त्या गृहस्थांच्या मुलाचं पुढं दुसरीकडं लग्न झालं, तेव्हा माझ्या वडिलांना व्याह्याचा फेटा बांधला गेला, आणि खरा व्याही मांडवात कोणीतरी लांबचा असल्यासारखा फिरत होता. मला मात्र नवऱ्याशिवाय सासरा मिळाला. दिवाळीला ते माझ्यासाठी साडी आणतात.

वडिलांचा हट्ट पूर्ण गेला असं मात्र नाही. अधूनमधून ते पुटपुटायचे, "नाना हायेत तोवर ठीक हाय. त्यांच्यानंतर मी कोणाचं ऐकणार न्हाई." हे मला ऐकू जाईल अशा बेतानंच म्हणायचे.

गेल्या वर्षी नाना गेले. दुपारी जेवले, ओसरीवर खुर्ची फिरवून सावलीत बसले आणि गेले. टॅब मांडीवर होता.

दहाव्याला आमच्याकडं बायका सहसा नदीवर जात नाहीत. मी गेले. नानांना लेकरूबाळ नव्हतं, मला कोणी अडवलं नाही. त्यांच्या चुलत पुतण्यानं पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकून उभे राहिले. समोरच्या बाभळीवर कावळे भरपूर होते. एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं.

पुतण्या हात जोडून म्हणाला, "नाना, घर विकणार न्हाई." कावळे बसून राहिले. कोणीतरी म्हणालं, "नाना, तुमची राहिलेली लग्नं आम्ही लावून देऊ." एका कावळ्यानं पंख खाजवले. गावचे मास्तर म्हणाले, "नाना, एसटीच्या थांब्याला तुमचं नाव देऊ." काही नाही. लोकांना भुका लागल्या होत्या, कोणीतरी दर्भाचा कावळा करायची गोष्ट काढली. तेवढ्यात एक कावळा खाली उतरला आणि पिंडाकडं बघत वाळूत थांबला.

माझे वडील पुढं झाले. त्यांचे ताठलेले खांदे बघूनच मला कळलं, ते काय बोलणार आहेत. सगळं गाव उभं होतं, आणि माझा बाप गावासमोर दिलेला शब्द मोडत नाही. ते मोठ्यानं म्हणाले, "नाना, तुमचा जीव हिच्यात अडकलाय. मी हिचं लग्न ह्याच उन्हाळ्यात करतो!"

कावळा वळला आणि उडून परत बाभळीवर जाऊन बसला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अंबडचे व्याही वडिलांच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "व्याही, शब्द मागं घ्या. तिथं नदी हाय, तुम्ही झाडी लावून राह्यले." वडील लाल झाले. त्यांनी कावळ्याकडं पाहिलं, वर उन्हाकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. असं त्यांनी मला आधी कधी पाहिलं नव्हतं, सगळ्या बाजूंनी.

"बरं," ते म्हणाले. "तिला वाटंल तवा. न्हाई वाटलं तं न्हाई. जागा रिकामी राहिली तरी चालंल. हा माझा शब्द."

तोच कावळा पुन्हा खाली आला. चोच मारायची सोडून तो पिंडाभोवती चालायला लागला. जरा थांबायचा, मान वाकडी करून बघायचा, पुढं सरकायचा. लोक श्वास रोखून उभे. त्यानं पुरी एक फेरी घातली, आणि मग आरामात चोच मारली.

"साही कडांनी बघून घेतलं," व्याही म्हणाले.

वडिलांनी टोपी काढली, डोळे पुसले, आणि मागं वळून गर्दीला म्हणाले, "आता तुम्ही जरा तिकडं सरका. मास्तर, तुम्ही सावलीत."